ग्राहकाच्या साइटसाठी होस्टिंग कसं निवडावं: इंदूरच्या वेब डिझायनरांसाठी

होस्टिंगच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असतात जागा, बँडविड्थ आणि महिन्याचा भाव. साइट बंद पडते ती मात्र बहुतेक वेळा बारीक अक्षरांतल्या गोष्टींमुळे: एका वेळी किती पीएचपी प्रोसेस (सर्व्हरवर पान तयार करणारी कामं) चालू शकतात, फाइली किती ठेवता येतात, मेल कुठून जातो, मुदत संपल्यावर बिल किती येतं आणि सोडून जायचं झालं तर बाहेर कसं पडायचं. म्हणून प्लॅनचं पान उघडलंत की आधी तळाशी जा. वरचं नंतर वाचलं तरी चालतं.

त्याच्याही आधी ग्राहकाचं काम बघायला हवं. सराफ्यातलं दागिन्यांचं दुकान, ऑनलाइन ऑर्डर घेणारा नमकीनवाला, भंवरकुआँचा कोचिंग क्लास आणि राजेंद्रनगरातल्या दंतवैद्याचा दवाखाना, या चौघांना एकच प्लॅन देणं सोपं असतं. म्हणूनच तसं सर्रास होतं.

दंतवैद्याचं काम सगळ्यात हलकं. पाच पानं, वेळा, नकाशा, फोन नंबर. याला डेटाबेसच लागत नाही, त्यामुळे स्टॅटिक होस्टिंग (तयार पानं जशीच्या तशी देणारं) पुरतं. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत प्लॅनवर एका साइटला २०,००० फाइली आणि प्रत्येक फाइल २५ एमबीपर्यंत चालते. दवाखान्याची साइट त्याच्या पासंगालाही पुरत नाही. गिटहब पेजेस मात्र व्यवसायाच्या साइटसाठी नाही आणि व्हर्सेलचा मोफत हॉबी प्लॅन फक्त खासगी, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे. अटी न वाचता तिथे ग्राहकाचं काम ठेवू नका. अपॉइंटमेंटचा फॉर्म हवा असेल तर तो वेगळ्या फॉर्म-सेवेवरून जोडावा लागेल. आणि डॉक्टरीणबाईंना वेळा स्वतः बदलायच्या असतील, तर सरळ वर्डप्रेस (कोड न लिहिता साइट बदलू देणारं सॉफ्टवेअर) आणि साधं शेअर्ड होस्टिंग (एक सर्व्हर अनेकांत वाटलेलं) घ्या. त्यांना कोड शिकवायला जाऊ नका.

एकाच वेळी किती जण

बँडविड्थचा हिशोब दोन मिनिटांत होतो. पान २ एमबीचं, माणूस सरासरी तीन पानं बघतो, रोज २०० माणसं येतात: दिवसाला १.२ जीबी, महिन्याला ३६ जीबी. आजचा जवळजवळ कुठलाही प्लॅन एवढं देतो, त्यामुळे «अनलिमिटेड बँडविड्थ» या शब्दांसाठी जास्तीचा एक रुपयाही मोजू नका.

खरी मर्यादा असते एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची. क्लाउडलिनक्स ही सर्व्हर-प्रणाली वापरणाऱ्या शेअर्ड होस्टिंगवर तिला एन्ट्री प्रोसेस म्हणतात आणि स्वस्त प्लॅनवर ती बरेचदा २० असते. हिशोब असा: दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले एका विनंतीला लागणारे सेकंद.

कोचिंग क्लासचं उदाहरण घ्या. टेस्टचा निकाल लागला, व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पडली आणि ३०० मुलांनी एका मिनिटात ती उघडली, तर सेकंदाला ५ विनंत्या. पान बनवायला ०.८ सेकंद लागत असतील तर एका वेळी ४ प्रोसेस, आरामात निभावतं. पण मुलं एवढी सभ्यपणे मिनिटभर पसरून येत नाहीत. तीच ३०० मुलं दहा सेकंदांत आली तर सेकंदाला ३०, म्हणजे २४ प्रोसेस. मर्यादा २० ची, तेव्हा उरलेल्यांना ५०८ एरर दिसतो आणि ती पुन्हा पुन्हा रिफ्रेश करून गर्दी आणखी वाढवतात. मेमरी संपली तर त्याच जागी ५०० किंवा ५०३ दिसतो. सीपॅनलच्या (होस्टिंगचं नियंत्रण-पॅनल) «रिसोर्स युसेज»मध्ये नेमकी कुठली मर्यादा ओलांडली ते कळतं. तिथे न बघता प्लॅन वाढवू नका.

या क्लासला मोठा सर्व्हर लागतोच असं नाही. निकाल रोल नंबर टाकून डेटाबेसमधून शोधायला लावण्याऐवजी तयार पीडीएफ किंवा कॅश झालेलं (एकदा बनवून साठवलेलं) साधं पान ठेवलं, तर पीएचपीला हातच लागत नाही आणि त्याच प्लॅनवर काम भागतं. लाइटस्पीड सर्व्हर असलेलं होस्टिंग यासाठी सोयीचं, कारण त्याची पान-कॅश सर्व्हरच्या पातळीवर चालते. पण लाइटस्पीड कॅशचं प्लगिन अपाची किंवा एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर टाकलंत तर त्याची पान-कॅश चालत नाही. प्लगिन «चालू» दिसतं आणि वेग होता तिथेच राहतो, हा गोंधळ फार आढळतो.

नमकीनवाल्याची गोष्ट वेगळी. राखी आणि दिवाळीच्या आधीच्या दिवसांत सगळी गर्दी कार्ट आणि चेकआउटवर असते आणि ही पानं प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी असल्यामुळे कॅश करताच येत नाहीत. इथे प्रोसेस आणि मेमरी खरोखर विकत घ्यावी लागते. वूकॉमर्ससाठी (वर्डप्रेसवर दुकान चालवणारं प्लगिन) पीएचपी मेमरी २५६ एमबी हवी. शिवाय वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन (ठरलेल्या वेळची कामं चालवणारी सोय) कुणीतरी पान उघडलं की चालतो, तो बंद करून सीपॅनलमधून दर १५ मिनिटांनी खरा क्रॉन लावा. आणखी एक आकडा विचारून घ्या, तो म्हणजे मॅक्स इनपुट व्हार्स, एका वेळी फॉर्मचे किती रकाने स्वीकारले जातात ते. तो मूळचा १,००० असतो. शेवेचं वजन, तिखटपणा आणि पॅकिंग अशी खूप व्हेरिएशन भरून सेव्ह केलं की खालची काही गायब होतात आणि एररही नीट दिसत नाही. तो ३,००० करता येत नसेल तर ते होस्टिंग दुकानाच्या कामाचं नाही.

फाइलींची मोजणी

आयनोड म्हणजे सोप्या भाषेत फाइली आणि फोल्डरांची एकूण संख्या. जागा «अनलिमिटेड» असते तेव्हा खरी मर्यादा इथे लपलेली असते.

सराफ्याच्या दुकानाने एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती करतं. मूळ फोटो २५६० पेक्षा मोठा असेल तर छोटी केलेली आणखी एक प्रत. वूकॉमर्स वर तीन जोडतं. मूळ धरून एका फोटोच्या ११ फाइली. हजार डिझाइनचे प्रत्येकी तीन फोटो म्हणजे ३३,००० फाइली. त्यावर वेबपी (फोटोचं हलकं स्वरूप) बनवणारं प्लगिन टाकलं की दुप्पट. त्याच खात्यावर मेलबॉक्स असतील तर एकेक मेल एकेक फाइल म्हणून मोजला जातो. मर्यादा ओलांडली की फोटो चढत नाहीत, मेल येत नाही, आणि काही कंपन्या तर ठरावीक आकड्यानंतर त्या खात्याचा बॅकअप घेणंच थांबवतात. ही शेवटची अट अटींच्या पानावर शोधून वाचा.

उपाय स्वस्त आहे. फोटो चढवण्याआधीच १६०० पिक्सेल रुंदीचे करून घ्या म्हणजे मोठ्या दोन प्रती बनतच नाहीत. थीम वापरत नसलेले आकार बंद करा.

सर्व्हर कुठे आहे

इंदूर ते मुंबई साधारण ६०० किमी. मुंबईतल्या सर्व्हरला जाऊन यायला चांगल्या लाइनवर २० ते ४० मिलिसेकंद लागतात, अमेरिकेतल्या सर्व्हरला २०० च्या वर. सुरक्षित जोडणी होताना अशा दोन-तीन फेऱ्या होतात, त्यामुळे पहिलं अक्षर दिसायच्या आधीच अर्धा सेकंदाहून जास्त जातो. ग्राहक माळव्यातला असेल तर सर्व्हर भारतातलाच घ्या: ॲमेझॉन मुंबई आणि हैदराबादेत, गूगल क्लाउड मुंबई आणि दिल्लीत, डिजिटलओशन बेंगळुरूत आहे. शेअर्ड होस्टिंगवाल्या अनेक कंपन्या नावाने भारतीय असतात आणि डेटा सेंटर सिंगापूर किंवा अमेरिकेत. खरेदी करताना ठिकाण निवडायची यादी येते. घाईत पुढे गेलात तर आधीपासून निवडलेलं ठिकाण तसंच राहतं आणि नंतर बदलायला बहुधा साइट हलवावी लागते.

पीएचपीची आवृत्तीही तेव्हाच बघा. ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, ८.२ ला डिसेंबर २०२६ पर्यंत आणि ८.३ ला डिसेंबर २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. आवृत्ती बदलायची सोय पॅनलमध्ये तुमच्या हाती असावी. एसएसएलसाठी (साइटची सुरक्षित जोडणी) वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि चांगल्या होस्टिंगवर आपोआप नवं होतं. ९९.९ टक्के अपटाइमची हमी ऐकायला भारी वाटते, पण तिचा अर्थ महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा, आणि भरपाई मिळाली तर होस्टिंगच्या भाड्यात सूट म्हणून. बुडालेल्या ऑर्डरींची नाही.

दहा ग्राहक, एक खातं

डिझायनरांची सगळ्यात महागडी सवय म्हणजे एकच मोठा शेअर्ड प्लॅन घेऊन त्यात ॲडऑन डोमेन म्हणून दहा ग्राहक बसवणं. सगळ्या साइट एकाच युजरखाली असतात. एका मंडळाच्या जुन्या साइटमधलं न अपडेट केलेलं स्लायडर प्लगिन फुटलं, की तोच कोड बाकीच्या नऊ साइटच्या फोल्डरांतही लिहू शकतो. एक साफ केली तर दुसरीकडून पुन्हा लागण. शिवाय एन्ट्री प्रोसेस दहाही जणांत वाटल्या जातात, म्हणजे निकाल क्लासचा आणि बंद नमकीनवाल्याचं दुकान.

चार-पाचपेक्षा जास्त ग्राहक स्वतः सांभाळणार असाल तर रिसेलर होस्टिंग घ्या. त्यात प्रत्येकाला वेगळं सीपॅनल खातं मिळतं, मर्यादा वेगळ्या राहतात, आणि ग्राहक सोडून गेला तर त्याचं पूर्ण खातं एका बॅकअप फाइलीत काढून देता येतं.

व्हीपीएस (सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी राखलेला हिस्सा) आकर्षक दिसतो, कारण तेवढ्याच पैशात जास्त रॅम मिळते. पण अनमॅनेज्ड व्हीपीएस म्हणजे लिनक्सचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप, सगळं तुमच्या गळ्यात. १ जीबी रॅमवर वर्डप्रेस आणि मायएसक्यूएल डेटाबेस एकत्र ठेवले आणि स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) लावला नाही, तर गर्दीच्या वेळी मेमरी संपते, लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस मारतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएलच निघते. साइटवर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश दिसतो. रीस्टार्ट केलं की चालतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. कमीत कमी २ जीबी रॅम आणि स्वॅप ठेवा. रात्री उठून सर्व्हर बघणारं कुणी नसेल तर मॅनेज्ड सेवेचे जादा पैसे द्या, ते वसूल होतात.

मेल वेगळा ठेवा

होस्टिंगसोबत फुकट मिळणारे मेलबॉक्स मोहात पाडतात. अडचण अशी की शेअर्ड सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) शेकडो जणांचा असतो. त्यातल्या एकाने स्पॅम पाठवला की तुमच्या ग्राहकाचं कोटेशनही स्पॅममध्ये. जो व्यापारी रोज मेलवर व्यवहार करतो, उदाहरणार्थ सियागंजचा ठोक व्यापारी, त्याचा मेल झोहो किंवा गूगल वर्कस्पेसवर ठेवा आणि साइट दुसरीकडे. उद्या होस्टिंग बदललं तरी मेलला धक्का लागत नाही.

मग एक ठरलेली चूक होते. मेल झोहोवर गेला, बाहेरून येणारे मेल बरोबर पोचतात, पण साइटच्या चौकशी फॉर्मचे मेल कुणालाच मिळत नाहीत. फॉर्म «धन्यवाद» म्हणतो, एरर नाही, स्पॅममध्येही नाही. कारण सर्व्हरला वाटतं की या डोमेनचा मेल आपल्याकडेच आहे. तो एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे जावा ते सांगणारी नोंद) न बघता मेल स्थानिक मेलबॉक्समध्ये टाकतो. सीपॅनलमध्ये «ईमेल राउटिंग» उघडा, डोमेन निवडा आणि «रिमोट मेल एक्सचेंजर» करा. त्यानंतर फॉर्मला एसएमटीपी प्लगिन (मेलसेवेत लॉगिन करून मेल पाठवणारं) लावा, पोर्ट ५८७. «फ्रॉम»मध्ये आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवा, चौकशी करणाऱ्याचा जीमेल पत्ता «रिप्लाय-टू»मध्ये. तोच «फ्रॉम»मध्ये टाकला तर ती तोतयेगिरी समजून मेल अडवला जातो.

एसपीएफ रेकॉर्ड (या डोमेनचा मेल कोण पाठवू शकतो याची नोंद) एका डोमेनला एकच असावा. झोहोचा एक आणि होस्टिंगचा एक असे दोन लिहिले तर दोन्ही निकामी. एकाच ओळीत दोघांची नावं जोडा, आणि एकूण डीएनएस शोध (डोमेनच्या नोंदी पाहण्याच्या फेऱ्या) दहाच्या आत ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) मागतं. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला डीमार्कसह (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात. छोट्या दुकानालाही तिन्ही लावून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

नाव कुणाचं, बिल कुणाचं

डोमेन ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या मेल आयडीवर आणि ग्राहकाच्या मोबाइल नंबरवर असावं. तुम्ही फक्त प्रवेश घ्या. «अहो भाऊ, तुम्हीच घेऊन टाका ना तुमच्या नावावर, मला यातलं काही कळत नाही,» असं बहुतेक दुकानदार म्हणतात. तरी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच फोनवर ओटीपी घेऊन खातं उघडा. डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवलेलं बरं. होस्टिंगशी भांडण झालं तरी नाव हातात राहतं. डॉटकॉम नुकतंच घेतलं असेल किंवा हलवलं असेल तर पुढचे ६० दिवस ते साधारणपणे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही, हे लक्षात ठेवून वेळ धरा.

भावाचा हिशोब तीन वर्षांचा करा. समजा पहिल्या वर्षी महिन्याला १५० रुपये आणि नूतनीकरणाला ४५०. तर तीन वर्षांचे १८०० अधिक ५४०० अधिक ५४००, म्हणजे १२,६०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,८६८. ग्राहकाला कोटेशन देताना हाच आकडा सांगा, १५० चा नाही. ग्राहकाकडे जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच्या नावाने आणि त्या नंबरानिशी निघालं पाहिजे, नाहीतर क्रेडिट मिळत नाही आणि मार्चमध्ये त्याचे सीए तुम्हाला फोन करतील.

ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १५,००० रुपयांच्या वरची आपोआप वसुली दरवेळी ओटीपीशिवाय होत नाही, आणि परदेशी कंपनीचं ऑटो-रिन्यू भारतीय कार्डावर त्याखालच्या रकमेलाही बरेचदा अडतं. मुदतीच्या ३० आणि ७ दिवस आधीची आठवण ग्राहकाच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये टाका.

पैसे परत मिळायच्या मुदतीत तपासा

बऱ्याच कंपन्या ३० दिवसांत पैसे परत देतात, डोमेनचे सोडून. त्या दिवसांत खरं काम करून बघा. साइटची प्रत टाका, वीस-तीस माल भरा आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पहिल्या ओळीला सर्व्हरचं उत्तर किती वेळात आलं ते बघा. गूगलच्या निकषाप्रमाणे ८०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ठीक; भारतातल्या सर्व्हरवर कॅश झालेलं पान २०० च्या आसपास यायला हवं. ऑफिसच्या फायबरवर नाही, मोबाइलच्या ४जी वर मोजा, आणि सकाळी अकरा व रात्री नऊ अशा दोन्ही वेळांना. दोन्हींत फार फरक पडत असेल तर सर्व्हरवर भाडेकरू जास्त भरलेत.

शनिवारी रात्री सपोर्टला एकच नेमका प्रश्न विचारा: «या प्लॅनवर एन्ट्री प्रोसेस किती, आयनोड किती आणि बॅकअप किती दिवसांचे?» आकडे आले तर कंपनी कामाची. «सर, आमचा प्लॅन अनलिमिटेड आहे» असं उत्तर आलं तर पैसे परत मागा. मग एक फाइल मुद्दाम उडवा आणि बॅकअपवरून स्वतः परत आणून बघा. रिस्टोअरला तिकीट काढावं लागत असेल, त्याचे पैसे लागत असतील, तर ते आत्ताच कळलेलं बरं. कंपनीचा बॅकअप कितीही चांगला असला तरी आठवड्याला एक प्रत बाहेर ड्राइव्हवर जाऊ द्या.

साइट हलवताना

आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (नोंद किती वेळ साठवून ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवर साइट चढवून आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी लिहा आणि फक्त स्वतःला नवी साइट दाखवून सगळी पानं, फॉर्म, पेमेंट तपासा. मग केवळ ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपी सांगणारी नोंद) बदला. नेमसर्व्हरच (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले तर जुने एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम रेकॉर्ड मागेच राहतात आणि व्यापाऱ्याचा मेल बंद पडतो. नवी कंपनी नेमसर्व्हर बदलायचाच आग्रह धरते, कारण तिच्या दृष्टीने ते सोपं असतं.

मराठी-हिंदी साइट असेल तर डेटाबेस यूटीएफ-८ एमबी४ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच काढा आणि घाला. वाटेत कुठे लॅटिन-१ आलं की देवनागरीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. फोटोंच्या फाइलींना देवनागरी नावं नकोत, झिप उघडताना ती मोडतात. विंडोजवर चालणारी साइट लिनक्सवर गेल्यावर काही फोटो गायब दिसले तर फाइलनावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं तपासा. लिनक्सला ती वेगळी वाटतात. एनजिनएक्सवर आलात आणि मुखपृष्ठ सोडून सगळीकडे ४०४ दिसत असेल, तर तिथे एचटीॲक्सेस फाइल चालत नाही हे कारण; रिराइटचे (पानांचे पत्ते वळवायचे) नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये लिहून घ्यावे लागतात. क्लाउडफ्लेअर पुढे असेल आणि साइट रीडायरेक्टच्या फेऱ्यात अडकली तर एसएसएल «फ्लेक्सिबल»वर असेल, ते «फुल स्ट्रिक्ट» करा.

दिवस निवडताना ग्राहकाचं कॅलेंडर बघा. नमकीनवाल्याची साइट दिवाळीच्या पंधरवड्यात हलवायची नाही, आणि रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याच्या आसपासचा कुठलाही दुकानदार ओटीपी सांगायला फोन उचलणार नाही. ए रेकॉर्ड बदलल्यावर जुनं होस्टिंग आणखी १५ दिवस चालू ठेवा. त्या काळात जुन्या मेलबॉक्समध्ये चुकून काही पडलंय का ते दोनदा बघा, पूर्ण खात्याचा शेवटचा बॅकअप उतरवा, आणि मगच तिथलं ऑटो-रिन्यू बंद करून खातं सोडा.